जमशेटजी टाटा : कारखान्याच्या जागेचा शोध

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात उद्योगधंद्यांच्या स्थानिकीकरणाचे घटक दिलेले असतात : कच्चा माल, इंधन, पाणी, वाहतूक, भांडवल, बाजारपेठ आणि मजूर. विद्यार्थी ते पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवितात आणि उन्हाळ्याच्या सुटीत विसरून जातात. आमचा विषय इतिहास; परंतु शाळेत इतिहासाच्या शिक्षकाकडे भूगोलाचेही तास येतातच, आणि ते घेता घेता आमच्या ध्यानात आले की ही सात नावे एखाद्या माणसाच्या आयुष्यातून सांगितली तर मुलांच्या मनात राहतात. त्या कामी जमशेटजी नसरवानजी टाटा यांच्याइतके उपयोगी चरित्र दुसरे आम्हांला आढळले नाही.

आपल्या स्मरणिकेत भांडवलदाराचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल आणि तो रास्त आहे. या वसतिगृहात राहणारी बहुतेक मुले शेतमजुरांची, वीटभट्टीवर अथवा ऊसतोडीवर जाणाऱ्यांची आहेत. वस्तू कशी तयार होते, ती त्याच ठिकाणी का तयार होते आणि तिच्या किमतीतला कोणता हिस्सा कोणाच्या पदरात पडतो, हे इतर कोणाहीपेक्षा त्यांना अधिक समजले पाहिजे, असे आम्हांला वाटते. जमशेटजींचे मोठेपण आम्ही मान्य करतो. ते तपासूनही पाहणार आहोत.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील नवसारी येथे झाला. घराणे पारशी पुरोहितांचे. वडील नसरवानजी यांनी पौरोहित्याची परंपरा सोडून मुंबईत व्यापाराची पेढी काढली. मुलगा मुंबईला आला, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला आणि १८५८ साली शिक्षण पुरे करून वडिलांच्या पेढीत बसला. पुढच्याच वर्षी त्याला हाँगकाँगला धाडण्यात आले. त्या काळी मुंबईचा चीनशी व्यापार चाले तो मुख्यतः कापूस आणि अफू यांचा. टाटांची पेढीही त्याला अपवाद नव्हती. चरित्रकार बहुधा या मजकुरावरून घाईने पुढे जातात, म्हणून आम्ही तो येथे नोंदवून ठेवतो.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. दक्षिणेकडील संस्थानांतील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. युद्ध संपताच तो ओसरला, पेढ्या बुडाल्या. तरुण जमशेटजी त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. ज्या हुंड्यांवर पेढीची भिस्त होती त्यांचे कागद झाले. या पडझडीत त्यांनी एक व्यवहार मात्र नीट पाहून घेतला. कापूस वऱ्हाड-खानदेशात पिकतो, बोटीने हजारो मैल जातो, मँचेस्टरला त्याचे सूत आणि कापड होते आणि तेच कापड पुन्हा वऱ्हाडच्या बाजारात विकायला येते. शेतकऱ्याने कापूस विकून मिळविलेला पैसा कापड घेताना परत द्यायचा, आणि मधला सारा नफा, भाडे व मजुरी परदेशात राहायची. दादाभाई नौरोजी याच संपत्तीच्या ओहोटीचा हिशोब मांडीत होते. जमशेटजींनी तो हिशोब कारखानदाराच्या बाजूने मांडला.

१८६८ साली एकवीस हजार रुपये भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी सुरू केली. पुढल्या वर्षी चिंचपोकळीची एक बुडीत निघालेली तेलाची गिरणी विकत घेऊन तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांनी ती नफ्यात विकून टाकली. नंतर ते लँकेशायरला जाऊन हा धंदा मुळापासून पाहून आले. परतल्यावर सर्वांची अपेक्षा होती की नवी गिरणी मुंबईतच निघेल. बंदर मुंबईत, सावकार मुंबईत, यंत्रे उतरणार मुंबईत. जमशेटजींनी नागपूर निवडले.

येथे क्षणभर थांबून कापसाचे गणित पाहिले पाहिजे. बोंडातून वेचलेल्या कापसात वजनाने सुमारे एक तृतीयांश रुई असते, बाकी बहुतेक सरकी. म्हणून सरकी काढण्याचे काम शेताजवळ होते. उगाच सरकीचे भाडे कोण भरील? परंतु एकदा रुईची गाठ बांधली की तिच्यापासून सूत होताना वजन फारसे घटत नाही. शंभर किलो रुईचे नव्वदीच्या आसपास सूत निघते. अशा मालाला कारखाना कोठेही चालतो : शेताजवळ, बंदराजवळ किंवा गिऱ्हाइकाजवळ. मग जागा ठरते ती इतर गोष्टींवर. नागपूरच्या पश्चिमेस वर्ध्याचा व वऱ्हाडचा काळ्या मातीचा कापूसपट्टा होता. दक्षिणेस चांदा जिल्ह्यात वरोऱ्याची कोळशाची खाण सुरू होत होती. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपुरास पोहोचली होती. आणि मध्य प्रांतात हातमागावर विणणारे लोक गावोगाव होते; त्यांना सूत हवे होते. गाठ मुंबईला न्यायची, सूत करून पुन्हा नागपूरला आणायचे, हे आठशे किलोमीटरचे दुहेरी भाडे वाचणार होते.

जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन घेण्यात आली. खोलगट जागा भरून काढण्यासाठी माती टाकली जात असताना एका स्थानिक सावकाराने कर्ज नाकारले. सोने मातीत पुरणाऱ्याला आपण पैसे देत नाही असे त्याचे म्हणणे होते. पुढे त्यालाच कबूल करावे लागले की या माणसाने माती घातली आणि सोने काढले. पंधरा लाखांच्या भागभांडवलाची कंपनी १८७४ मध्ये स्थापन झाली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले त्या दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले. सुमारे तीस हजार चात्या आणि साडेचारशे माग होते. गिरणीच्या कारभारासाठी जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमले. ते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यात काम केलेले गृहस्थ. कापडातले त्यांना काही कळत नव्हते, पण माल कसा हलतो हे कळत होते. ही निवड जमशेटजींच्या विचाराची दिशा दाखविते.

नागपूरची कोरडी हवा सुताला मानवेना. धागा तुटे. तेव्हा गिरणीत हवा दमट ठेवण्याची यंत्रे बसविली गेली. इंग्लंडातही ज्यांच्याबद्दल शंका होती अशा रिंग पद्धतीच्या चात्या त्यांनी १८८० नंतरच्या दशकात येथे आणून लावल्या. मजूर पेरणी-काढणीच्या दिवसांत गावी निघून जात. त्यावर इतर मालकांप्रमाणे नुसता दंड न बसविता त्यांनी बक्षिसे, १८८६ पासून निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई अशा योजना केल्या. कायद्याची सक्ती यायला अजून बरीच वर्षे होती.

आता आमचा प्रश्न. या गिरणीच्या फाटकातून आत कोण गेले? विदर्भातील महार समाजात शेतकामाबरोबर जाडेभरडे कापड विणण्याचा पूर्वापार धंदा होता. गिरणीच्या स्वस्त कापडाने तो खालून पोखरला आणि त्याच गिरणीने त्यांच्यापैकी अनेकांना नागपुरात रोख मजुरी दिली. बलुत्याच्या भाकरीवर गावकीची सक्ती असते. पगाराच्या रुपयावर ती नसते. नागपूरच्या मजूर वस्त्यांतून पुढे शाळा, वाचनालये आणि चळवळी उभ्या राहिल्या, त्याला या रुपयाचा आधार होता. परंतु कारखाना आला म्हणून जात गेली, असे मानणे भोळेपणाचे आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्याचा पगार सर्वांत चांगला आणि तेथेच अस्पृश्यांना मज्जाव होता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे व दुसऱ्याच्या तोंडचा धोटा तोंडाला लावायला सवर्ण विणकर तयार नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मज्जाव उठविण्याची मागणी पुढे केली ती म्हणूनच. पाठ्यपुस्तकात उत्पादनप्रक्रियेची आकृती असते : रुई, पिंजण, पेळू, सूत, ताणा-बाणा, कापड. त्या आकृतीतल्या कोणत्या चौकटीपाशी कोणाला उभे राहू दिले जाते, हे आकृतीत लिहिलेले नसते.

जमशेटजींच्या इतर उद्योगांचा विस्तार येथे करीत नाही. कुर्ल्याची बुडीत धरमसी मिल घेऊन तिची स्वदेशी मिल करणे, चीनकडे जाणाऱ्या सुतावर जास्त भाडे लावणाऱ्या इंग्रज बोट कंपनीविरुद्ध जपानी कंपनीच्या साहाय्याने स्वतःच्या बोटी चालविणे आणि त्यात हार खाणे, म्हैसूर संस्थानात रेशमाचे प्रयोग, १९०३ साली उघडलेले ताजमहाल हॉटेल, हे सारे वाचकांना इतरत्र सापडेल. पोलादाची कथा मात्र सावकाश सांगितली पाहिजे, कारण भूगोल खऱ्या अर्थाने तिच्यात आहे.

१८८२ साली फॉन श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन भूशास्त्रज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यात लोहारा येथे उत्तम लोहखनिज असून वरोऱ्याचा कोळसा जवळच आहे, असे त्यात होते. जमशेटजी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी नमुने जर्मनीला पाठवून परीक्षा करविली. निष्कर्ष निराशेचा निघाला : खनिज चांगले, कोळसा निरुपयोगी.

कोळसा असून निरुपयोगी कसा, असे मुले नेहमी विचारतात. झोतभट्टीत लोहखनिज, कोक आणि चुनखडी यांचे थरावर थर घालतात आणि खालून तप्त हवेचा झोत सोडतात. कोक जळून उष्णता देतो, शिवाय खनिजातला प्राणवायू काढून घेऊन लोखंड मोकळे करतो. चुनखडी माती-खड्याला धरून मळीच्या रूपाने वेगळी करते. कोक म्हणजे हवाबंद भट्टीत भाजून घट्ट केलेला कोळसा. वरच्या सगळ्या थरांचे ओझे पेलण्याइतका तो कणखर असावा लागतो. वरोऱ्याचा कोळसा भाजला की भुगा होई. इंजिनाचा बाष्पक तापवायला तो पुरेसा होता; झोतभट्टीला नव्हता. शिवाय वजनाचा प्रश्न. त्या काळच्या पद्धतीत एक टन पोलादासाठी दीड टनाहून अधिक खनिज आणि त्याहूनही जास्त कोळसा लागे. म्हणजे येथे कापसाच्या उलट स्थिती : बहुतेक वजन वाटेत जळून वा मळीत जाऊन नाहीसे होते. असा कारखाना बाजाराजवळ काढणे म्हणजे धुराचे आणि मळीचे भाडे भरणे. तो खनिज आणि कोळसा यांच्यामध्येच कोठेतरी, पाणी आणि रूळ असतील तेथे, काढावा लागतो. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने ही गोष्ट सिद्धांताच्या रूपाने १९०९ साली ग्रंथात मांडली आणि आज ती महाविद्यालयात शिकविली जाते. जमशेटजींनी तिच्यासाठी बावीस वर्षे खर्च केली होती, आणि वेबरचा ग्रंथ निघाला तेव्हा त्यांना जाऊन पाच वर्षे झाली होती.

सरकारचे खाणविषयक नियमही असे जाचक होते की खाजगी माणसाने शोधाला पैसा घालावा असे त्यांत काही नव्हते. १८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत ते सैल झाले. साठी ओलांडलेल्या जमशेटजींनी जुनी कागदपत्रे बाहेर काढली, लंडनला भारतमंत्र्यांची भेट घेतली आणि १९०२ साली अमेरिकेत जाऊन तेथील पोलादाचे कारखाने हिंडून पाहिले. न्यूयॉर्कचे अभियंते चार्ल्स पेज पेरिन यांना त्यांनी कामासाठी राजी केले. त्याच वर्षी त्यांनी थोरले चिरंजीव दोराबजी यांना लिहिलेल्या पत्रात कामगारांच्या गावाचा आराखडा घातला : रुंद रस्ते, भराभर वाढणारी सावलीची झाडे, बागा, खेळांची मैदाने आणि सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांना जागा. गाव कोठे वसणार हे मात्र तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

पेरिनने आपला सहकारी भूशास्त्रज्ञ वेल्ड याला पाठविले. तो, दोराबजी आणि जमशेटजींचे भाचे शापुरजी सकलातवाला यांनी चांद्याची जंगले पायांखाली घातली. हे शापुरजी पुढे इंग्लंडात स्थायिक होऊन कम्युनिस्ट झाले आणि १९२२ साली लंडनच्या बॅटरसी विभागातून पार्लमेंटवर निवडून गेले. खाणी शोधता शोधता त्यांनी हिंदुस्थानातली दरिद्री खेडी जवळून पाहिली होती. लोहाऱ्याला खनिज होते, पण हवे तेवढे आणि हवे तेथे नव्हते. कोळसा तर नव्हताच. निराश झालेले दोराबजी नागपूरच्या वस्तुसंग्रहालयात, आपले लोक ज्याला अजब बंगला म्हणतात तेथे, सहज शिरले असता भिंतीवरच्या भूस्तर नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाचा गडद रंग त्यांना दिसला. ती दल्ली-राजहराची टेकडी. खनिज अप्रतिम; कोळसा दूर.

या टेकडीची नोंद सरकारी भूशास्त्र खात्यातील प्रमथनाथ बोस यांनी पूर्वीच केली होती. बोस हे आपल्या विद्येत नावाजलेले. परंतु खात्याच्या प्रमुखपदी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी कनिष्ठ असलेल्या इंग्रजाची नेमणूक झाली आणि त्यांनी खाते सोडून मयूरभंज संस्थानात नोकरी धरली. तेथे गुरुमहिसानी डोंगरात त्यांना लोहखनिजाचा प्रचंड साठा आढळला. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी ही माहिती जमशेटजींना पत्राने कळविली.

जमशेटजींची प्रकृती तोवर ढासळली होती. उपचारासाठी ते युरोपात गेले आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या मनातल्या तीन मोठ्या योजनांपैकी एकही त्यांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली नाही. बंगळूरच्या विज्ञान संस्थेसाठी त्यांनी तीस लाखांची मालमत्ता देऊ केली होती. ती संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. दुसरी योजना विजेची. मुंबईच्या गिरण्या दूरवरून आणलेल्या कोळशावर वाफ करीत आणि ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या लोणावळ्याच्या कड्यावरून पावसाळ्यात अमाप पाणी फुकट वाहून जाई. पाऊस चार महिन्यांचा, वीज बारा महिने हवी. म्हणून वर तलाव बांधायचे आणि सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला पाण्याच्या धारेवर चक्रे फिरवायची. १९१५ मध्ये ही वीज मुंबईला मिळाली. पुढे मुळशीला आणखी एक धरण घालण्याचे ठरले, तेव्हा बुडणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह केला. धरण झालेच. भरपाई जमिनीच्या उताऱ्यावरून मिळते. ज्यांच्या नावाचा उताराच नव्हता त्यांची नावे कोणत्या कागदावर येणार?

जमशेटजींच्या हयातीत सुरू झालेले एक काम मात्र आमच्या मुलांना आवर्जून सांगावेसे वाटते. १८९२ साली त्यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी काढला. रक्कम दान नसून कर्जाऊ होती. शिकून आलेल्याने ती फेडायची, म्हणजे पुढच्याला मिळेल. केरळातील उळवूर या खेड्यातला, शाळेची फी थकल्यामुळे वर्गाबाहेर उभा केला जाणारा एक दलित मुलगा १९४५ मध्ये याच निधीतून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेला. के. आर. नारायणन हे त्याचे नाव; १९९७ मध्ये ते भारताचे राष्ट्रपती झाले.

आता पोलादाची उरलेली हकीकत. गुरुमहिसानी पाहिल्यावर दल्ली-राजहरा मागे पडले, कारण मयूरभंजचे खनिज झरियाच्या कोळशाला आणि कलकत्त्याच्या बंदराला कितीतरी जवळ होते. लंडनच्या पैसेवाल्यांनी भांडवल द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा १९०७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत भाग विक्रीस काढले. स्वदेशीचे वारे होते. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार लोकांनी दोन कोटी बत्तीस लाख रुपये भरले. त्या वर्षाच्या अखेरीस जागाही सापडली : खरकाई जेथे सुवर्णरेखेला मिळते तेथे, कालीमाटी स्टेशनजवळ, साक्ची नावाचे आदिवासींचे लहानसे गाव. खनिज सुमारे सत्तर किलोमीटरवर, झरियाचा कोळसा दोनशेच्या आत, कलकत्ता अडीचशेवर, आणि दोन नद्यांचे पाणी दारात. बावीस वर्षांची बेरीज अखेर त्या संगमावर जुळली. १९११ च्या डिसेंबरात पहिले लोखंड वितळून बाहेर आले, १९१२ च्या फेब्रुवारीत पहिले पोलाद. १९१९ मध्ये साक्चीचे जमशेदपूर झाले. रुंद रस्ते आणि झाडे आराखड्याप्रमाणे आली. संथाळ, हो आणि भूमिज बायाबापड्यांनी डोक्यावर माती वाहून पाया भरला. त्यांची शेते व साल वृक्षांची राने त्या पायाखाली गेली. कामाचे आठ तास येथे १९१२ पासून होते, हे खरे. १९२० मध्ये याच गावात मोठा संप झाला, हेही खरे.

मागे राहिलेली दल्ली-राजहराची टेकडी पन्नास वर्षे तशीच उभी होती. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली ती तिच्या खनिजावर. कोळसा अजूनही दूरचाच होता, परंतु आता कारखाना सरकारचा होता आणि भाड्याचा हिशोब देशाच्या योजनेत मांडलेला होता. खाणीत हाताने खनिज फोडणारे आदिवासी स्त्री-पुरुष मात्र ठेकेदाराचे मजूर राहिले. १९७७ साली त्यांनी शंकर गुहा नियोगी यांच्याबरोबर आपली संघटना बांधली आणि १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून राजहरा येथे शहीद हॉस्पिटल उभारले.